कट-ऑफच्या अलीकडे आणि पलीकडे

बडोद्यात गाडीमागे ओढायचं फिरतं घर, म्हणजे कॅम्पर ट्रेलर, अजून क्वचितच दिसतं. पण ज्यांनी ते घेतलं आहे त्यांचं वर्ष जवळपास एकसारखंच जातं. दिवाळी झाली की चांदोद, जांबुघोडा, सापुतारा, धोर्डोचं पांढरं रण. होळीनंतर ऊन असं चढतं की ट्रेलर सोसायटीच्या मागे किंवा वाघोडिया रस्त्यावरच्या एखाद्या प्लॉटवर जाऊन उभा राहतो, आणि पावसाळा सरेपर्यंत तिथून हलत नाही. त्या उभ्या महिन्यांत आतली बॅटरी मरते. मालक मला फोन करून सांगतो, "काका, सगळे दिवे बंद होते हो." दिवे बंद होतेच. तरीही बॅटरी मरते.

माझी नोकरी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, स्विचगिअरच्या कामात गेली. हे गाव ट्रान्सफॉर्मर, मोटारी आणि पॅनेल बनवणाऱ्यांचं आहे. विजेच्या सामानाची कसून चाचणी घेणारी एर्डा ही संस्थाही १९७४ पासून इथेच आहे. अशा ठिकाणी उमेदीची वर्षं काढल्यावर साध्या खटक्याकडेही आदराने पाहायची सवय लागते. ट्रेलरला बॅटरी कट-ऑफ, म्हणजे बॅटरी घरापासून तोडणारा खटका, बसवायला अर्धा दिवस पुरतो. पण कुठली वायर कट-ऑफच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला ठेवायची आणि कुठली पलीकडे, घराच्या बाजूला न्यायची, हे ठरवायला त्याहून जास्त वेळ द्यावा असं माझं ठाम मत आहे. पुढच्या सगळ्या सूचना त्याच मतातून आल्या आहेत.

१. आधी गळती मोजा, मग स्विच विकत आणा

घरातली सगळी बटणं बंद करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर वायर काढायचीही गरज नाही. मीटर सीरिजमध्ये असताना पाण्याचा पंप किंवा इन्व्हर्टर चुकूनही चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

आकडा बहुतेक वेळा शून्य येत नाही. गॅस गळतीचा अलार्म सतत थोडा करंट खातो. म्युझिक सिस्टिम आपली आठवण जपायला खाते. मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटमधला निळा दिवा खातो. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला, त्यावर काहीही जोडलेलं नसलं, तरी तो एक अँपिअरच्या आसपास ओढू शकतो. इन्व्हर्टर सोडून बाकीच्यांची बेरीज ०.३ अँपिअर धरा. २४ तासांत ७.२ एएच झाले. १०० एएचची बॅटरी आठवड्यात निम्म्यावर येते आणि पंधरवड्यात संपते. आपले ट्रेलर मात्र सहा-सहा महिने उभे असतात.

लेड-ॲसिड बॅटरी रिकामी राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात. सुरुवातीला ते चार्जिंगने विरघळतात, पण जुने झाले की विरघळत नाहीत. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये ही बॅटरी बनवली, तेव्हापासून तिचा हा स्वभाव बदललेला नाही. विश्रांतीतल्या बॅटरीवर १२.७ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.२ ला निम्मी, आणि ११.९ च्या खाली गेली तर रिकामी समजायची.

हा आकडा वहीत लिहून ठेवा. काम झाल्यावर तो पुन्हा लागणार आहे.

२. बॅटरीवरून निघणारी प्रत्येक वायर कागदावर उतरवा

मी सगळ्यांना सांगतो, पाना हातात घेण्याआधी पेन घ्या. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवरून किती वायरी निघतात, प्रत्येक कुठे जाते, तिच्यावर फ्यूज आहे का, हे सगळं लिहा. टर्मिनलवर एकावर एक चढवलेल्या चार-पाच थिंबल हमखास सापडतात. कुणी सोलर लावताना आपली वायर थेट टर्मिनलवर बांधलेली असते, कुणी इन्व्हर्टर लावताना. प्रत्येक वायरीला एकच प्रश्न विचारायचा: मालक चार महिने इथे नसेल तेव्हा हिला जागं राहायची गरज आहे का?

सोलरला आहे. छपरावर पॅनेल असेल तर त्याचा चार्ज कंट्रोलर बॅटरीच्याच बाजूला ठेवावा, स्वतंत्र फ्यूज देऊन. याला दोन कारणं आहेत. उभ्या महिन्यांत बॅटरी भरलेली राखायला सोलरइतकं स्वस्त दुसरं काही नाही. आणि पॅनेलवर ऊन असताना कंट्रोलरखालून बॅटरी अचानक काढली तर बरेच कंट्रोलर बिघडतात. म्हणूनच त्यांच्या माहितीपत्रकात जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल, काढताना आधी पॅनेल आणि मग बॅटरी, असा क्रम दिलेला असतो. सोलर कट-ऑफच्या पलीकडे गेला तर खटका फिरवणारा माणूस दर वेळी नकळत तो क्रम मोडत राहील. पॅनेलच्या वायरीवर एक वेगळा डीसी ब्रेकर द्या, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी पॅनेलही तोडता येईल.

इलेक्ट्रिक ब्रेक असलेला ट्रेलर असेल तर ब्रेकअवेची वायर कुठल्याही परिस्थितीत कट-ऑफच्या पलीकडे जाता कामा नये. चालत्या गाडीपासून ट्रेलर सुटला तर एक दोरी खेचली जाते, पिन निघते आणि बॅटरी ट्रेलरचे ब्रेक आवळते. ती वेळ आली आणि कट-ऑफ बंद असला तर टनभराचं घर उतारावर मोकळं सुटेल. पावागडच्या माचीचा रस्ता डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या एका वायरीबद्दल मी एवढा आग्रह का धरतो ते कळेल. आपल्याकडच्या पुष्कळ लहान ट्रेलरना ओढदांड्यावरच्या दाबाने लागणारे यांत्रिक ब्रेक असतात, त्यांना हा प्रश्न नाही. पण आपला ट्रेलर कुठल्या जातीचा आहे ते वाकून बघावं, गृहीत धरू नये.

२३० व्होल्टवर चालणारा चार्जर मी बॅटरीच्या बाजूला ठेवतो. मग घर बंद ठेवूनही बॅटरी चार्ज करता येते. बंद चार्जर उलट दिशेने थोडासा करंट ओढतो का, तेवढं मोजून घ्यायचं.

दिवे, पंप, पंखा, फ्रिज, म्युझिक, सॉकेट, इन्व्हर्टर हे सगळं पलीकडे. गॅस अलार्मबद्दल लोक अडखळतात, आणि त्यांचं अडखळणं बरोबर आहे. माझा नियम असा: तोही पलीकडे, पण कट-ऑफ बंद करण्याआधी सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवायचा. रेग्युलेटर लावलेला असेल आणि आत माणूस झोपणार असेल, तर कट-ऑफ बंद असता कामा नये.

३. स्विच पॉझिटिव्हवर की निगेटिव्हवर?

एकच बॅटरी आणि दोनच वायरी असतील तर कुठेही तोडा, वर्तुळ तुटतंच. निगेटिव्हवर तोडण्याचा फायदा खरा आहे. पाना घसरून चेसिसला लागला तरी काही होत नाही. त्यामुळे बरेच ऑटो इलेक्ट्रिशियन सवयीने निगेटिव्हवरच स्विच टाकतात.

ट्रेलरवर मात्र मी पॉझिटिव्हचा आग्रह धरतो. ट्रेलरची चेसिस सात पिनच्या जोडणीतून ओढणाऱ्या गाडीच्या बॉडीशी जोडलेली असते. निगेटिव्ह तोडला आणि गाडी जोडलेली असली, तर चार्जिंगच्या वायरीतून गाडीचा पॉझिटिव्ह घरात येतो, परतीची वाट चेसिसमधून मिळते, आणि कट-ऑफ बंद असूनही घर जिवंत राहतं. मालकाला वाटतं सगळं मेलेलं आहे, आणि तो हात घालतो.

दुसरा धोका जास्त वाईट. एका ट्रेलरवर निगेटिव्हला कट-ऑफ होता, पण सोलर कंट्रोलरची काळी वायर थेट बॅटरीवर गेली होती. त्याच कंट्रोलरच्या लोडच्या टोकावरून दोन दिवे घेतले होते, आणि त्या दिव्यांची परतीची वायर चेसिसला बांधलेली होती. कट-ऑफ बंद केल्यावर परत जायला तेवढी एकच वाट उरली: चेसिसमधून दिव्यांच्या वायरीत, तिथून कंट्रोलरमध्ये आणि मग त्या काळ्या वायरीतून बॅटरीत. कुणीतरी इन्व्हर्टर लावला, आणि ८० अँपिअर जायला निघाले ते बोटापेक्षा बारीक वायरींमधून. सोलरचा फ्यूज पॉझिटिव्हवर होता, त्याला यातलं काहीच दिसलं नाही. इन्सुलेशन वितळल्याचा वास आला म्हणून पुढचं टळलं.

निगेटिव्हवरच टाकायचा असेल तर एकही काळी वायर टर्मिनलवर उरता कामा नये, अपवाद एकही नाही. पॉझिटिव्हवर टाकला तर हवी ती वायर अलीकडे ठेवायची मोकळीक मिळते. गाडीकडून येणारी चार्जिंगची वायरही फ्यूज आणि रिलेसह अलीकडे ठेवता येते, म्हणजे प्रवासात घर बंद असलं तरी बॅटरी भरत राहते आणि गाडी उभी असताना दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना रिकाम्या करत नाहीत.

४. फ्यूज स्विचच्याही आधी

टर्मिनलपासून वीतभराच्या आत. टर्मिनल आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा हा सबंध ट्रेलरमधला एकमेव बेवारस तुकडा असतो. त्याचं इन्सुलेशन घासलं तर त्याला वाचवायला कुणी नाही. तो जितका लहान तितकं बरं, आणि त्यावर कड्यांच्या नळीचं कवच चढवावं. फ्यूजचा आकडा वायरीला शोभेल असा असावा. इन्व्हर्टर मोठा आहे म्हणून फ्यूज मोठा घालू नये, आधी वायर मोठी घालावी.

५. डब्यावरचे दोन आकडे वेगवेगळे वाचा

लाल चावीचा स्वस्त कट-ऑफ ट्रॅक्टरच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात मिळतो. त्यावर ठळक अक्षरांत ५०० अँपिअर लिहिलेलं असतं. तो स्टार्टरसाठीचा, काही सेकंदांचा आकडा असतो. सतत किती वाहील तो आकडा बारीक अक्षरांत असतो, आणि बऱ्याचदा १०० किंवा त्याहून कमी निघतो. ट्रॅक्टरला ते पुरतं. ट्रेलरवर १००० वॉटचा इन्व्हर्टर असेल तर १२ व्होल्टला त्याला १०० अँपिअरच्या घरात करंट लागतो, तोही इंडक्शन किंवा इस्त्री चालू असेपर्यंत सलग. अशा ठिकाणी सतत २०० ते ३०० अँपिअरचा स्विच घ्या. ज्यांच्याकडे फक्त दिवे, पंखा आणि पंप आहे त्यांना लहान पुरेल, उगाच पैसे घालवू नयेत.

घरातल्या बोर्डाचा एसी एमसीबी कट-ऑफ म्हणून वापरलेला मी पाहिला आहे, आणि त्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. एसीचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, त्यामुळे ठिणगीला विझायची संधी आपोआप मिळते. डीसीत ती संधी नाही. १२ व्होल्टला ठिणगी लहान असते हे खरं, पण शंभरेक अँपिअर तोडताना ती कॉन्टॅक्टवर खड्डे पाडते. खड्ड्यांमुळे रेझिस्टन्स वाढतो, त्यातून उष्णता, आणि एक दिवस कॉन्टॅक्ट चिकटून बसतात. मग चावी "बंद"वर असते आणि घर चालू. डीसीसाठी बनवलेलाच स्विच घ्या. आणि आधी इन्व्हर्टर, फ्रिज, पंप बंद करून मगच खटका फिरवायची सवय सगळ्या घराला लावा.

६. थिंबल

स्विच चांगला आणि थिंबल हातोडीने ठोकलेली, असं काम मी परत करायला लावतो. २५ किंवा ३५ स्क्वेअर एमएमच्या वायरीला तांब्याची, त्याच मापाची थिंबल हवी आणि ती हायड्रॉलिक क्रिंपरने दाबायला हवी. क्रिंपर विकत घ्यायची गरज नाही. पॅनेल बनवणाऱ्या कुठल्याही लहान कारखान्यात मागा, पाच मिनिटांत दाबून देतात, आणि बडोद्यात असा कारखाना शोधायला फार लांब जावं लागत नाही. वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. थिंबल थेट स्विचच्या बोल्टवर सपाट बसली पाहिजे. मध्ये वायसर घातला तर करंट त्या पोलादी वायसरमधून जातो. वायसर आणि स्प्रिंग वायसर वरून, नटाखाली.

७. हात पोहोचेल, पण गॅस पोहोचणार नाही

पाणी घालायची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो चार टक्के झाला की पेट घेऊ शकतो. खटका तोडताना ठिणगी पडते. म्हणून बॅटरीच्या बंद पेटीत कट-ऑफ बसवू नये, पेटीच्या बाहेरच बसवावा. पेटीलाही वरच्या बाजूला हवेचं तोंड हवं.

बाहेर म्हणजे कुठे? पुण्याच्या एआरएआयने प्रसिद्ध केलेल्या एआयएस-०५२ या बस बांधणीच्या नियमावलीत बॅटरी तोडणारा स्विच सहज हाताशी असावा अशी अपेक्षा आहे. नियम बसचा असला तरी शहाणपण आपल्यालाही लागू आहे. आग लागली तर मालक बाहेर उभा असेल, आत नव्हे. मी ट्रेलरच्या पुढच्या भागात, ओढदांड्याच्या बाजूला, कमरेइतक्या उंचीवर जागा शोधतो. चाकांमागे नको, तिथे चिखल उडतो. रणात जाणाऱ्यांनी झाकणाचा स्विच घ्यावा. तिथली खारी धूळ तांब्याच्या टोकांवर बसते, दवात ओलावते आणि त्यांना खाते. परत आल्यावर ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावायची.

जवळ मोठ्या अक्षरांत "चालू" आणि "बंद" रंगवा, आणि बंद केल्यावरही कोणत्या वायरी जिवंत राहतात तेही खाली लिहा. पुढच्या वर्षी काम करणारा मुलगा वेगळा असेल, त्याला आपला कागद माहीत नसेल.

८. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा

आणि यावर वाद घालू नका. गाडी सोडवा, पॅनेल झाका किंवा त्याचा ब्रेकर पाडा, २३० व्होल्टचा प्लग काढा. मग आधी निगेटिव्ह काढायचा, जोडताना तो शेवटी. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली बरी. सोन्याची अंगठी टर्मिनल आणि चेसिसच्या मध्ये आली तर बोटाचं काय होतं ते मी कारखान्यात पाहिलं आहे. त्यापुढे लिहीत नाही.

९. चावी फिरली म्हणजे काम झालं असं नाही

कट-ऑफ बंद करून पहिल्या दिवशीचा गळतीचा आकडा पुन्हा घ्या. आता फक्त सोलर कंट्रोलर आणि चार्जर यांचे काही मिलिअँपिअर दिसायला हवेत. मग गाडी जोडून पुन्हा बघा: घर मेलेलंच हवं, मागचे लाल दिवे, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर मात्र गाडीवरून चालले पाहिजेत. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर कट-ऑफ बंद ठेवून ब्रेकअवेची पिन ओढा आणि चाकं धरली का ते ढकलून तपासा.

शेवटी कट-ऑफ चालू करून इन्व्हर्टरवर मोठं काहीतरी लावा आणि मीटर स्विचच्या दोन बोल्टांवर ठेवा. १०० अँपिअरला तिथे ०.१ व्होल्ट पडत असेल तर खटक्यात १० वॉटची उष्णता तयार होते आहे; एवढ्या लहान वस्तूला ती फार झाली. चांगल्या जोडणीत याच्या निम्म्याहून कमी पडतं. पहिल्या लांब प्रवासानंतर सगळे नट पुन्हा आवळा. आपल्या रस्त्यांवर ते सैल होतातच.

१०. पावसाळ्याच्या आधी

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या पुढे गेली, आणि उभ्या जागी बुडालेल्या गाड्यांचा हिशेब शहर कित्येक आठवडे करत राहिलं. त्यानंतर एकाच आवारातल्या दोन ट्रेलरचं वायरिंग मी उघडलं. ज्याचा कट-ऑफ बंद होता त्याचं फ्यूजबॉक्स चिखलाने भरलेलं होतं, पण धुऊन, सुकवून वाचलं. दुसऱ्याचा चालू होता. पाण्याखाली व्होल्टेज राहिल्याने पॉझिटिव्हची टोकं हिरवी होऊन झिजून गेली होती, आणि वायरिंग नव्यानेच करावं लागलं. पाऊस जोर धरतोय असं दिसलं की ट्रेलर उंचावर न्या. नेता येत नसेल तर निदान खटका फिरवा.

मात्र खटका फिरवला म्हणजे बॅटरी गोठून राहते असं नाही. लेड-ॲसिड बॅटरी स्वतःच्या पोटातही झिरपते, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की तो वेग साधारण दुप्पट होतो. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत काय तापमान असेल याचा अंदाज बडोदेकरांना सांगायला नको. तिला पूर्ण भरून ठेवा, पेटीवर सावली करा, सोलर नसेल तर महिन्यातून एकदा मीटर लावा. १२.४ च्या खाली दिसलं तर रात्रभर चार्जर, आणि पाणी घालायची असेल तर डिस्टिल्ड वॉटरची पातळीही त्याच वेळी बघा. लिथियम फॉस्फेट बॅटरीचं उलट असतं: तिला पूर्ण भरून उन्हात ठेवू नये, निम्म्याच्या थोडं वर ठेवावी. तिच्या बाबतीत सोलरही मोसमाअखेर ब्रेकर पाडून तोडावा, नाहीतर तो तिला रोज काठोकाठ भरत राहतो.